वाऱ्याचा शेअर

२ फेब्रुवारी

डॉक्टरांचं म्हणणं, राग आला की तोंड उघडायच्या आधी वही उघडायची. रक्तदाब वाढलाय आणि गोळ्या घ्यायला मी विसरतो, म्हणून हा उपाय. रोज उठून लिहायला मी काही साधुसंत नव्हे. राग येईल त्या दिवशी लिहीन. आज आला.

साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "थोरलीनं धाकटीकडून दोन गोष्टी शिकाव्यात." थोरली आणि धाकटी म्हणजे आमच्या कंपनीच्या दोन गुंतवणूक योजना. थोरली माझ्याकडे, चौथ्या मजल्यावर. तेल, कोळसा, बँका, सिमेंट, जे कमावेल ते आम्ही घेतो. धाकटी सहाव्या मजल्यावर. तिथे फक्त स्वच्छ कंपन्या: धूर नको, नदीत रसायन नको, कामगारांचे हाल नकोत. धाकटी माझ्या बायकोनं सहा वर्षांपूर्वी शून्यातून उभी केली आणि तीच चालवते. थोरली तिच्या वीसपट मोठी आहे. आता हत्तीनं सशाकडून काय शिकायचं, उड्या मारायला?

आम्हा दोघांच्याही कंपनीनं सह्या घेतल्या आहेत की घरी बाजाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आम्ही काढत नाही. दाराबाहेर चपला काढाव्यात तसा बाजार बाहेर ठेवतो. एकमेकांच्या टेबलावर काय चाललंय ते आम्हाला कळतं ते पेपर वाचणाऱ्याइतकंच. आईला हे फार विनोदी वाटतं. तिनं आपली पुंजी निम्मी थोरलीत आणि निम्मी धाकटीत ठेवली आहे. म्हणते, "लेक का सून, असं मी निवडणार नाही बाई. दोघांनीही मला पोसा."

५ फेब्रुवारी

तेलाची जहाजं जातात ती एक सामुद्रधुनी बंद पडली. सकाळी फोन खणखणायला लागले ते संध्याकाळीच थांबले. तेल वर, कोळसा वर, बाकी सगळं धाडकन खाली. आमच्याकडे कोळसा कंपनीचे शेअर भरपूर आहेत, त्यामुळे थोरलीला फार खरचटलं नाही.

तो कोळसा मी स्वस्तात घेतला होता. धाकटीसारख्या योजना निघाल्या, त्यांनी कोळशाला शिवायचं नाही म्हणून विकून टाकला, आणि भाव बसला तेव्हा मी उचलला. लाभांश काय मस्त येतो! तिच्या सोवळेपणावर माझी थोरली चांगली बाळसेदार झाली, हे कबूल केलं पाहिजे.

उलटंही झालंय. पवनचक्क्यांची पाती बनवणारी एक कंपनी आहे, तिला ऑफिसात सगळे नुसतं 'वारा' म्हणतात. धाकटीनं ती आधी शोधली. मग माझी गिऱ्हाइकं विचारायला लागली, तुमच्याकडे काही हिरवं आहे का? म्हणून मीही वारा घेतला. माझा पैसा मोठा, त्यामुळे भाव दुपटीवर गेला आणि धाकटीचं नाव झालं. म्हणजे फिटंफाट.

९ फेब्रुवारी

घाबरलेली गिऱ्हाइकं पैसे मागताहेत. पैसे द्यायचे तर काहीतरी विकायला हवं. काय विकायचं यावर दिवसभर डोकं पिकवलं.

संध्याकाळी घरी आलो तर बायको इस्त्री करत होती. शर्ट झाले, चादरी झाल्या, हातरुमाल झाले, शेवटी पुसायची फडकीसुद्धा! मी चहा घेत बघत बसलो. तेवीस वर्षं संसार केलाय. ती अशी इस्त्रीला बसते ते मन मारून काहीतरी सोडून द्यायचं ठरवते तेव्हाच. मांजर वारलं तेव्हा अशीच बसली होती. नोकरी बदलली तेव्हाही.

आणि एकदम माझा अंदाज जुळला की वारा विकावा. शिवाय व्याजदर चढलेत, पवनचक्क्या कर्जावर उभ्या राहतात, तेव्हा कारणही भक्कम आहे. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

१० फेब्रुवारी

बाजार उघडताच वारा विकला. आमचा गठ्ठा मोठा, भाव सात टक्के उतरला. दुपारी धाकटीनंही विकला, पण तोवर भाव पडलेला. बिचारी. तिची वेळच नेमकी चुकते.

बाजार हुंगायला माझं नाक अजून शाबूत आहे म्हणायचं.

१७ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात आणखी दोनदा तेच. रात्री इस्त्री, सकाळी मी वारा विकतो, दुपारी धाकटी विकते. साहेबांनी पाठ थोपटली. "तुमचं टायमिंग म्हणजे टायमिंग!" मी म्हटलं, "अनुभव आहे साहेब, केस काही उन्हात पिकले नाहीत."

धाकटीचं मात्र अवघड दिसतंय. वारा हा तिचा सगळ्यात मोठा शेअर. तो पडला की तिची किंमत पडते, किंमत पडली की लोक पैसे काढतात, पैसे द्यायला तिला वाराच विकावा लागतो, की तो आणखी पडतो. वास्तविक पवनचक्कीचं काही बिघडलेलं नाही. पाती तयार होताहेत, ऑर्डरी येताहेत.

आज साहेबांनी खोलीत बोलावून सांगितलं, "मार्च संपताना धाकटी ठरलेल्या आकड्याखाली गेली, तर बंद करून थोरलीत विलीन करायची. तुम्हीच सांभाळा मग." बायकोलाही आजच सांगितलं म्हणे.

घरी ती काही बोलली नाही. बोलायची परवानगीच नाही. मीही बोललो नाही. पण मनात ठरवलं की विलीन झाली तर तिला चौथ्या मजल्यावर माझ्या शेजारचीच खोली द्यायची. खिडकीची.

२३ फेब्रुवारी

बायकोनं कपडे लाँड्रीत द्यायला सुरुवात केली आहे. बरं झालं. किती दमते! शिवाय हल्ली घरी येते तीच हसत. आज दारातूनच आईला एक विनोद सांगितला, इतका पांचट की तिला तो आवडणं शक्य नाही. जेवताना दोन वेळा वाढून घेतलं.

येते मात्र उशिरा. ऑफिसातून माझ्या मागोमाग निघते आणि घरी पोचते तास-दीड तासानं. ट्रॅफिक असेल.

सुटली म्हणायची काळजीतून. वरच्या मजल्यावर काहीतरी चांगलं घडत असणार.

२६ फेब्रुवारी

आज राग. लिहितोय म्हणून कोणाला बोललो नाही, फक्त आईला बोललो.

तीन दिवस मला आतून वाटत होतं की वाऱ्याचं वाईट संपलं. म्हणून काल थोडा परत घेतला. आज धाकटीनं इतका विकला की माझं घेतलेलं सगळं पाण्यात! काल रात्री तर ती गुणगुणत होती. गुणगुणत!

मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "घरात कोणाच्या मनात काय आहे ते कळायची सोय राहिली नाही."

आई वाटाणे सोलत होती. म्हणाली, "तुला कशाला कळायला हवंय रे?"

"कशाला म्हणजे? माझी बायको आहे."

"मग विचार ना तिला."

"विचारता येत नाही, सह्या केल्यात."

आई म्हणाली, "विचारता येत नाही, पण बघता येतं. होय ना?" आणि वाटाण्यांचं भांडं घेऊन आत गेली. हल्ली ती कोड्यात बोलते. वय झालं.

४ मार्च

नियमवाल्या बाईंनी बोलावलं. कंपनीत कोण काय विकतं, ते नियमाला धरून आहे ना, हे बघणं त्यांचं काम. आवाज कधी चढत नाही. म्हणून त्यांच्यापुढे सगळ्यांची गाळण उडते.

म्हणाल्या, "फेब्रुवारीत तुम्ही तीनदा वारा विकलात. तिन्ही वेळा धाकटीच्या आधी, त्याच सकाळी. कसं काय?"

मी म्हटलं, "अंदाज."

"कशावरून?"

"अनुभवावरून."

"अनुभव मग सव्वीस तारखेला कुठे गेला होता?"

त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत विचार करा. मला तुमच्या मिसेसनाही बोलवावं लागेल. त्यांनी घरी काही सांगितलं असेल, तर दोघांच्याही नोकऱ्या जातील. आणि त्यांना या धंद्यात पुन्हा कोणी उभं करणार नाही."

मी ताडकन उठलो. म्हटलं, "तिनं एक शब्द सांगितलेला नाही!" शिपाई आत डोकावून गेला.

मी जिना उतरायला लागलो. खरंच, मला कसं कळत होतं? मी इस्त्री बघत होतो. पण ती काही बातमी नव्हे, ती माझी बायको आहे! नवऱ्यानं बायकोकडे बघायचं नाही की काय? असं मी जिन्यात स्वतःशी म्हणत होतो. तिसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा मला ते पटेनासं झालं.

५ मार्च

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सूनबाई खाली गाडीत बसलेली असते."

"कधी?"

"रोज. मी फिरायला उतरते ना, तेव्हा दिसते. इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. पहिल्यांदा वाटलं बरं नाही, म्हणून काच वाजवली. तर म्हणाली, आई, चेहरा ठीक करतेय, तुमचा लेक तो बघून विकतो. मला यातलं ओ की ठो कळलं नाही, पण एवढं कळलं की घरी यायला तिला तयारी करावी लागते."

मी आईवर ओरडलो, आधी का नाही सांगितलंस. आई म्हणाली, "तिनं शपथ घातली होती. तू माझा मुलगा आहेस, पण ती माझ्याशी खरं बोलते."

संध्याकाळी मी खाली जाऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूनं आत बसलो. बायको दचकली. मग तिनं पटकन हसू आणलं. ते हसू कसं तयार होतं ते मी पहिल्यांदा जवळून पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं.

मी म्हटलं, "नको."

हसू गेलं. मग ती म्हणाली, "तिसऱ्यांदा झालं तेव्हाच मला कळलं. इस्त्री बंद केली. मग जेवण कमी झालं की तू ताटाकडे बघायचास. म्हणून जास्त जेवायला लागले. रात्री उठून ओकले एकदा."

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगू? मी उद्या विकणार आहे, तू बघू नकोस? म्हणजे सांगितलंच की. आणि नियमवाल्या बाईंकडे गेले असते तर त्यांनी पहिला प्रश्न मलाच केला असता, घरी काय बोललीस म्हणून."

"मी मुद्दाम नाही केलं गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मुद्दाम केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं."

९ मार्च

नियमवाल्या बाईंना खरं सांगितलं.

"इस्त्री," मी म्हटलं.

"काय?"

"माझी बायको विकायच्या आदल्या रात्री इस्त्री करते. तिनं कधी काही सांगितलं नाही, मी बघितलं. मी बघितलेल्याला अंदाज म्हणत होतो. तिला तर मी बघतो हे आवडत नव्हतं. तिनं इस्त्री सोडली, तरी मी बघायचं सोडलं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. तीस वर्षांच्या नोकरीत हे पहिलंच म्हणाल्या. हसतील असं वाटलं, पण हसल्या नाहीत. बायकोला बोलावलं, आईलासुद्धा फोन केला. आईनं त्यांना सुनावलं म्हणे, "माझी सून घुमी नाही, तुम्ही केलीत तिला घुमी."

निकाल दुपारी आला. बायकोवर ठपका नाही. थोरली माझ्याकडून गेली. मला नव्या पोरांना शिकवायच्या विभागात टाकलं, तळमजल्यावर. शेअर खरेदी-विक्रीला हात लावायचा नाही. साहेब म्हणाले, "माणूस दारूनं गेलेला बघितला, बाईनं गेलेला बघितला. इस्त्रीनं गेलेला तुम्ही पहिले."

राग येत नाहीये. खरं तर आज लिहायचं कारणच नाही.

११ मार्च

थोरलीवर नवा माणूस आला आहे. कायम दोन फोन कानाला, म्हणून पोरांनी त्याला 'स्टीरिओ' नाव ठेवलंय. त्यानं आल्याआल्या उरलेला सगळा वारा एका सकाळीत फुंकून टाकला. आधीच्याची घाण नको, म्हणाला. भाव तळाला. धाकटी आकड्याला टेकली.

घरी बायको उशीर न करता आली. चेहरा उतरलेला होता आणि तिनं तो तसाच राहू दिला. अर्धी पोळी खाऊन उठली. मी ताटाकडे बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे बघायचं टाळलं.

१८ मार्च

आज कोणाला काय झालं ते अख्ख्या बाजाराला माहीत आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

कोळसा कंपनीनं वारा विकत घ्यायचं जाहीर केलं. तळाच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट देणार. कोळसा महागल्यापासून त्यांच्याकडे पैसा मावत नाहीये, आणि उद्या कोळसा संपणार हे त्यांनाही कळतं. स्टीरिओ दोन्ही फोन ठेवून तोंड लपवून बसलाय. सहाव्या मजल्यावर टाळ्या वाजल्या. धाकटी आकड्याच्या कितीतरी वर गेली. ती वाचली! मी तळमजल्यावर पोरांसमोर उडीच मारली.

मग पोरांना शिकवायला म्हणून कोळशाचं निवेदन फळ्यावर वाचायला घेतलं. त्यात होतं की वाऱ्याचे तीसएक टक्के शेअर त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्येच बाजारातून जमवले आहेत.

एका पोरीनं हात वर केला. "सर, इतके शेअर विकले कोणी?"

मी खडू खाली ठेवला. आयुष्यभर विकताना भाव बघितला, घेतो कोण हे कधी बघितलं नाही. म्हटलं, "आपणच. थोरलीनं." तिनं ते लिहून घेतलं.

थोरलीनं विकला नसता, तर थोरली आणि धाकटी मिळून कोळशाला नाही म्हणू शकल्या असत्या.

२६ मार्च

धाकटीचा नियम असा की मालक कोळशाचा असेल तर ती कंपनी ठेवायची नाही. म्हणून वारा सगळा विकावा लागला, कोळशालाच. आज तो व्यवहार पुरा झाला. पैसे आले, धाकटी टिकली, तिमाही संपेपर्यंत आता काही होत नाही. साहेबांनी बायकोला फुलं पाठवली.

कोळसेवाल्यांनी आजच सांगितलं की वाऱ्याच्या समुद्रकाठच्या नव्या कारखान्याचा 'फेरविचार' करणार. फेरविचार म्हणजे काय ते या धंद्यातल्या पोरालाही कळतं. त्या कारखान्याची जागा बघायला बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती. आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि त्या दिवशी रात्रभर पात्यांबद्दल बोलत होती. तेव्हा धाकटी निघालेली नव्हती. आम्ही सह्याही केलेल्या नव्हत्या.

आज ती फुलं घेऊन घरी आली. ती आईच्या हातात दिली आणि खुर्चीत बसून रडायला लागली. लपवलं नाही, तोंडावर पदर नाही की रुमाल नाही. डोळे सुजलेले होते, म्हणजे गाडीतही रडली असणार.

मी समोर उभा होतो. आणि ते डोळे बघून माझ्या मनात जो पहिला विचार आला तो असा, की उद्या काय विकायचं. माझ्याकडे विकायला आता काहीही नाही. तरी आला.

मग मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "काय झालं?" काय झालं ते मला ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. सांगावं की नाही ते ठरवत होती, हे दिसत होतं. मी खाली बघितलं, म्हणजे तिला नीट ठरवता येईल. आई फुलं पाण्यात ठेवायला आत गेली.

थोड्या वेळानं ती सांगायला लागली.